थडग्यांवरील अक्षरे : आयर्लंडातील कुलेतिहासाचे एक साधन

इतिहास हा शब्द उच्चारला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परंतु ज्याप्रमाणे राष्ट्राला इतिहास असतो त्याचप्रमाणे प्रत्येक घराण्यालाही तो असतो. आणि अशा सहस्रावधी घराण्यांच्या साध्यासुध्या हकीकती एकत्र केल्यावाचून राष्ट्राचा इतिहासही पुरता उलगडत नाही. आपल्याकडे ही जाणीव नवी नाही. महाराष्ट्रातील अनेक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत परिश्रमपूर्वक छापून प्रसिद्ध केले आहेत, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे वाचावयास मिळतात. ज्या देशात मृतांना भूमीत पुरण्याची चाल आहे, तेथे कुलेतिहासाचे आणखी एक साधन उपलब्ध होते. ते म्हणजे थडग्यावर उभारलेल्या शिळेवरील लेख. आयर्लंड या देशात या साधनाला विशेष मोल प्राप्त झाले आहे. ते का प्राप्त झाले, ते लेख कसे वाचावेत व कसे उतरून घ्यावेत, आणि त्यांच्यावर कितपत विसंबावे, याचा विचार प्रस्तुत पाठात आम्ही करणार आहोत.

प्रथम ‘का’ या प्रश्नाचे उत्तर पाहू. डब्लिन शहरात लिफी नदीच्या काठी ‘फोर कोर्ट्स’ नावाची न्यायालयांची भव्य इमारत आहे. तिच्याच आवारात १९२२ सालापर्यंत आयर्लंडचा मुख्य सरकारी दफ्तरखाना होता. ब्रिटनशी १९२१ च्या डिसेंबरात झालेला करार मान्य करावा की नाही, यावरून आयरिश देशभक्तांतच दुफळी माजली. कराराच्या विरोधकांनी १९२२ च्या एप्रिलमध्ये फोर कोर्ट्सचा ताबा घेतला. २८ जून रोजी नव्या सरकारच्या सैन्याने त्या इमारतीवर तोफा डागल्या, आणि ३० जून रोजी झालेल्या प्रचंड स्फोटात व आगीत दफ्तरखाना भस्मसात झाला. कित्येक शतकांचे कागद एका दिवसात गेले. जळक्या कागदांचे कपटे शहरभर वाऱ्यावर उडत होते.

काय काय गेले याची नोंद विद्यार्थ्यांनी अवश्य घ्यावी. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार शिरगणत्यांची घरवार पत्रके, थोडे अवशेष वगळता, जळाली. मूळ मृत्युपत्रे जळाली. चर्च ऑफ आयर्लंड या प्रॉटेस्टंट पंथाच्या ज्या शेकडो चर्चांनी आपली जन्म-विवाह-दफनाची पुस्तके तेथे सुरक्षिततेसाठी म्हणून ठेवली होती, ती पुस्तकेही जळाली. १८६१ व १८७१ च्या शिरगणत्यांची पत्रके तर सरकारनेच पूर्वी नष्ट करविली होती, आणि १८८१ व १८९१ च्या पत्रकांचा पहिल्या महायुद्धाच्या काळात कागदाच्या टंचाईमुळे लगदा करण्यात आला होता. यामुळे आयर्लंडची संपूर्ण उपलब्ध असलेली सर्वांत जुनी शिरगणती १९०१ सालची होय. सर्व जन्म-मृत्यूंची सरकारी नोंदणी तेथे १८६४ च्या १ जानेवारीस सुरू झाली. बहुसंख्य लोक कॅथॉलिक. त्यांच्या चर्चांनी बाप्तिस्म्याची व विवाहाची पुस्तके ठेवली, पण दफनाची पुस्तके फार थोड्या ठिकाणी ठेवली गेली. सारांश, १८६४ पूर्वी निवर्तलेल्या एखाद्या साध्या शेतकऱ्याच्या मृत्यूचा कागदोपत्री पुरावा बहुधा सापडतच नाही. तो सापडलाच तर गावाबाहेरच्या पडक्या चर्चभोवती, गवतात झुकलेल्या एखाद्या दगडावर सापडतो.

या शोधाची निकड वाढविणारे आणखी एक कारण आहे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि त्या एकाच पिकावर जगणाऱ्या लक्षावधी गरिबांवर दुष्काळाची धाड आली. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथींनी मृत्युमुखी पडली, आणि जवळजवळ तितकीच देशांतर करून गेली. १८४१ साली आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८५१ साली ती सुमारे ६५ लाख उरली. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे गेलेल्यांचे वंशज आज आपल्या मूळ गावाचा शोध घेतात, तेव्हा त्यांच्या हाती पुष्कळदा एक आडनाव व एका काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, नाव एवढेच असते. त्या आडनावाची शेकडो घरे त्या काउंटीत निघतात. अशा वेळी थडग्यावरील एखादी ओळ त्यांस नेमक्या उंबरठ्यापर्यंत पोहोचविते.

ती कशी, हे समजण्यासाठी अशा लेखाचा साचा पाहू. पुढील नमुना आम्ही केवळ समजुतीसाठी रचला आहे. ‘अमुक वाडीच्या अमुकाने हा दगड आपला पिता तमुक याच्या स्मरणार्थ उभारला. तो १८३१ च्या मार्च महिन्याच्या ४ तारखेस इहलोक सोडून गेला, वय वर्षे ७२. तसेच आपली आई मेरी अमुक ऊर्फ तमुक आणि अमेरिकेत वारलेला आपला भाऊ यांच्या स्मरणार्थ.’ या चार ओळींतून किती गोष्टी हाती येतात पाहा. पित्याचा जन्म १७५८ किंवा १७५९ साली झाला असावा. म्हणजे सरकारी नोंदणीच्या शंभर वर्षे मागे आपण जाऊन पोहोचलो. दोन पिढ्यांचे नाते निश्चित झाले. देशांतर केलेल्या भावाचा पत्ता लागला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाडीचे नाव मिळाले. आयर्लंडात टाउनलँड नावाचे लहान लहान भूविभाग असून त्यांची संख्या साठ हजारांहून अधिक आहे. आमच्या गोव्या-कोकणातील ‘वाडा’ किंवा ‘वाडी’ म्हणजे जे, तेच तेथील टाउनलँड म्हणावयास हरकत नाही. आडनाव व वाडी ही दोन्ही जुळली की १८४७ ते १८६४ या काळात प्रसिद्ध झालेल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यमापनाच्या यादीत ते घर शोधता येते, कारण ती यादी वाडीवार लावलेली आहे. ही यादी सुदैवाने छापलेली असल्यामुळे शिल्लक राहिली.

वरील नमुन्यातील ‘ऊर्फ’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. मूळ लेखांत येथे ‘एलियस’ असा लॅटिन शब्द असतो. आपण त्यावरून टोपणनावाची कल्पना करू. परंतु आयरिश थडग्यांवर तो विवाहित स्त्रीच्या माहेरचे आडनाव सांगतो. कुलेतिहासात स्त्रियांची माहेरे हरवतात ही सर्वच देशांतली अडचण आहे. ती या एका शब्दाने दूर होते. तसेच ‘रेलिक्ट’ हा शब्द जुन्या लेखांत आढळतो. त्याचा अर्थ विधवा. तो दिसला की पती आधी निवर्तला होता हे आपोआप सिद्ध होते.

मृताचे नाव दगडावर कोरण्याची परंपरा आयर्लंडात फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकापासून पुढे ‘ओघम’ नावाच्या लिपीत कोरलेले उभे दगड तेथे मिळतात. या लिपीत दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघांच्या खुणा करून अक्षरे दाखवीत. असे सुमारे चारशे दगड ज्ञात असून त्यांतील पुष्कळांवर ‘तमुकाचा पुत्र अमुक’ एवढाच मजकूर असतो. पुढे शॅनन नदीच्या काठच्या क्लोनमॅकनॉइस या मठाच्या आवारात शेकडो कोरीव शिळा तयार झाल्या; त्यांवर ‘अमुकासाठी प्रार्थना’ अशा अर्थाचे आयरिश शब्द आहेत. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज पेट्री या चित्रकार-संशोधकाने अशा शिळांची काळजीपूर्वक चित्रे काढली, आणि त्याच्या मृत्यूनंतर मार्गारेट स्टोक्स या विदुषीने ती १८७२ ते १८७८ या काळात संपादून प्रसिद्ध केली. सामान्य शेतकरी व कारागीर यांच्या थडग्यांवर लेख कोरलेले दगड उभे राहू लागले ते मात्र मुख्यतः १७०० नंतर. मोनाहन व फर्मानाह या काउंट्यांत अठराव्या शतकातील दगडांवर कवटी, हाडांची फुली, शवपेटी, घंटा, वाळूचे घड्याळ अशी मरणाची आठवण देणारी चिन्हे कोरलेली दिसतात.

येथे भाषेचा एक प्रश्न उद्भवतो, आणि ज्यांच्या घरची बोली एक व लेखनाची भाषा दुसरी अशा आमच्यासारख्या कोकणी माणसांस तो सहज उमगेल. १८५१ च्या शिरगणतीत सुमारे सव्वापंधरा लाख लोकांनी आपणास आयरिश भाषा येते असे सांगितले होते. तरीही त्या काळच्या थडग्यांवरील लेख जवळजवळ सर्व इंग्रजीत आहेत. १८९३ साली ‘गेलिक लीग’ ही भाषासंवर्धक संस्था स्थापन होईपर्यंत आयरिश लेख विरळच. ज्या माणसाने आयुष्यभर आयरिशमध्ये व्यवहार केला त्याचे नाव मृत्यूनंतर इंग्रजी कानाने ऐकून इंग्रजी अक्षरांत कोरले गेले. परिणामी एकाच घराण्याचे नाव तीन दगडांवर तीन प्रकारे आढळते. ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे पुत्र; ही उपपदे आजोबांच्या दगडावर असतात, मुलाच्या दगडावर गळतात, आणि राष्ट्रीय जागृतीनंतर पणतवाच्या दगडावर पुन्हा अवतरतात. कित्येक आडनावांचे तर भाषांतरच झाले. लोहाराचा पुत्र या अर्थाचे ‘मॅक गावन’ हे आडनाव काही घराण्यांत सरळ ‘स्मिथ’ बनले. पोर्तुगीज दफ्तरात मडगावचे जे रूप झाले ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांस यात नवल वाटणार नाही. म्हणून एकाच वर्णरचनेचा हट्ट धरणारा संशोधक आपल्याच पूर्वजांच्या दगडाजवळून न थांबता निघून जाईल.

आता प्रत्यक्ष कामाची रीत पाहू. सर्वप्रथम परवानगी. १८६९ च्या कायद्याने चर्च ऑफ आयर्लंडचे राजमान्य स्थान रद्द करण्याचे ठरले, आणि त्यानंतर पुष्कळ जुन्या दफनभूमी स्थानिक मंडळांच्या व पुढे काउंटी कौन्सिलांच्या ताब्यात गेल्या. जुन्या दफनभूमी बहुतेक संरक्षित स्मारके आहेत. तेथे खणणे, दगड हलविणे वा उभे करणे हे कोणाच्याही मर्जीवर सोडलेले नाही. शेजारच्या शेतकऱ्याची परवानगीही घ्यावी लागते, कारण वाट बहुधा त्याच्या शेतातून जाते. याच भेटीत गावातील वृद्धांस अवश्य भेटावे. ज्या थडग्यावर एकही अक्षर नाही ते कोणाचे, हे त्यांनाच ठाऊक असते, आणि ते ज्ञान त्यांच्याबरोबरच नाहीसे होणार असते.

दुसरी गोष्ट नकाशा. प्रवेशद्वारापासून आरंभ करून ओळीने प्रत्येक दगडास क्रमांक द्यावा. लेख नसलेल्या ओबडधोबड दगडासही द्यावा. हे क्रमांक कागदावर असावेत, दगडावर नव्हे. कोणता दगड कोणाच्या शेजारी आहे हेही कुलेतिहासात महत्त्वाचे असते, कारण एकमेकांचे आप्त पुष्कळदा जवळजवळ पुरलेले आढळतात. नुसते लेख वर्णानुक्रमाने लावले की हा शेजार हरवतो.

तिसरी गोष्ट प्रकाश. झिजलेला लेख वाचण्यासाठी दगडास घासण्याची गरज नसते. त्यावर तिरपा प्रकाश पडण्याची गरज असते. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे मृताचे पाय पूर्वेकडे करून पुरतात, त्यामुळे दगडाचा लेख असलेला पृष्ठभाग बहुधा पूर्वेस किंवा पश्चिमेस असतो. आयर्लंड इतक्या उत्तरेस आहे की तेथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही; मध्यान्ही तो दक्षिणेस असतो. म्हणून पूर्वाभिमुख दगडावर सकाळी ऊन समोरून पडते व अक्षरे सपाट भासतात. पण मध्यान्हाच्या सुमारास किरण पृष्ठभागाला घासून जाऊ लागले की प्रत्येक खाचेत सावली भरते, आणि जो दगड कोरा वाटला होता तो बोलू लागतो. ज्या बाजूस ऊन येत नाही तेथे आरशाने कवडसा तिरपा पाडावा, किंवा अंधार पडल्यावर विजेरी दगडाच्या कडेशी धरावी. अलीकडे निरनिराळ्या कोनांतून पुष्कळ छायाचित्रे घेऊन ती संगणकावर जोडतात व दगडाची त्रिमिती आकृती तयार करतात. तीत डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही कधी कधी उमटतात. हंगाम हिवाळ्याच्या अखेरीचा उत्तम, कारण तेव्हा गवत कमी असते व सूर्य खाली असतो. शिवाय १ मार्च ते ३१ ऑगस्ट या पक्ष्यांच्या विणीच्या काळात झुडपे तोडण्यास तेथील कायद्याने बंदी आहे.

चौथी गोष्ट म्हणजे काय करू नये. तारेचा ब्रश, खडू, चाकू, ब्लीचिंगचे पाणी यांतील काहीही दगडास लावू नये. दगडावर वाढलेली दगडफुले खरवडू नयेत. ती काढताना त्यांखालचा थर सुटतो व त्याबरोबर अक्षरेही जातात. आयव्हीची वेल ओढून काढू नये, कारण पडक्या भिंती कित्येकदा तिच्याच आधाराने उभ्या असतात. कागद ठेवून वर मेण घासून ठसा घेण्याची जुनी रीतही आता निषिद्ध मानतात. दगडांचे स्वभाव निरनिराळे असतात. पाटीच्या दगडावरील बारीक कोरीव काम अडीचशे वर्षांनीही ताजे दिसते. चुनखडीचा दगड पावसाने हळूहळू विरघळतो. रेतीच्या दगडाचे पापुद्रे सुटतात. त्यातील जो पापुद्रा सुटण्याच्या बेतात आहे, त्यास हाताचा स्पर्शही पुरेसा होतो. दगडावर प्रेम करणाऱ्या माणसाने त्याची स्वच्छता करावी असे मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु शंभर वर्षांच्या पावसाने जे नुकसान होणार नाही ते एका दुपारच्या उत्साहाने होते.

पाचवी गोष्ट, आणि या पाठाचा गाभाच, म्हणजे नक्कल. दगडावर जे आहे ते, जसे आहे तसे उतरून घ्यावे. वर्णलेखन चुकलेले असेल तर ते चुकलेलेच लिहावे. जेथे दगडावरची ओळ संपते तेथे एक तिरपी रेघ मारावी. जे अक्षर संशयास्पद आहे ते चौकटी कंसात घालावे. जे मुळीच वाचता येत नाही तेथे टिंबे द्यावीत, आणि अंदाज करावयाचाच तर तो वेगळ्या स्तंभात लिहावा. जुन्या लेखांत लांब ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे दिसते, दोन अक्षरे एकच दांडी वाटून घेतात, जागा न पुरल्याने कारागिराने विसरलेले अक्षर ओळीवर चढविलेले असते. इंग्रजी अंकांत तीन व आठ, एक व सात यांची गल्लत नेहमी होते. प्रत्येक लेख दोघांनी स्वतंत्रपणे वाचावा व मग ताडून पाहावा. जे वाचले ते आणि जे असावे असे वाटले ते यांतील सीमारेषा नकलेत पुसली गेली, की पुढच्या संशोधकास ती पुन्हा आखता येत नाही. विशेषतः मूळ दगड तोपर्यंत नष्ट झाला असेल तर मुळीच नाही.

लेख जसाच्या तसा उतरला म्हणजे त्यातील विधान सत्य ठरले, असे मात्र समजू नये. नक्कल करणे हे एक काम आणि साक्षीची परीक्षा करणे हे दुसरे. मृताचे वय सांगणाऱ्यास ते नक्की ठाऊक असेलच असे नाही. म्हणून ७०, ८० अशी पूर्ण दशके दिसली की सावध व्हावे. दगड पुष्कळदा मृत्यूनंतर वीस-तीस वर्षांनी, परदेशी गेलेल्या मुलाने पैसे पाठविल्यावर उभारलेला असतो, आणि तोपर्यंत तारखा स्मृतीतून सांगितल्या जातात. १७५२ पूर्वीच्या तारखांत आणखी एक खोच आहे. ब्रिटनप्रमाणे आयर्लंडातही त्या सालापर्यंत कायद्याचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे ‘फेब्रुवारी १७४०’ असे कोरलेले असल्यास आपल्या गणनेने ते १७४१ असू शकते. त्याच १७५२ साली २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर मोजण्यात आला. ज्यांस हे ठाऊक नाही ते वडिलांच्या मृत्यूनंतर वर्षाहून अधिक काळाने मुलाचा जन्म झाल्याचे पाहून व्यर्थ गोंधळात पडतात.

हे कष्टाचे काम कोणी केले? ते विशेषकरून हौशी माणसांनी केले, हे सांगण्यास आम्हांस आनंद वाटतो. १८८८ साली कर्नल फिलिप व्हिगर्स या कार्लो काउंटीतील निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने आयर्लंडातील मृतांची स्मारके जतन करण्यासाठी एक मंडळ स्थापिले. त्याचे नियतकालिक १९३४ पर्यंत निघत होते. देशभरातील वाचक आपापल्या भागातील लेख उतरून पाठवीत व ते काउंटीवार छापले जात. १९६६ साली डॉ. आर. एस. जे. क्लार्क यांनी डाउन काउंटीतील लेखांचा पहिला खंड प्रसिद्ध केला. व्यवसायाने ते भूलतज्ज्ञ होते. तथापि त्या एका काउंटीचे वीसहून अधिक खंड त्यांनी सिद्ध केले. पूर्व किनाऱ्यावरील विक्लो, वेक्सफर्ड या भागांत ब्रायन कँटवेल यांनी असेच काम केले. २०१० नंतर ‘हिस्टॉरिक ग्रेव्हज’ या प्रकल्पाने गावोगावच्या स्वयंसेवकांस शिक्षण देऊन छायाचित्रे, नकाशे व वृद्धांच्या ध्वनिमुद्रित आठवणी यांचा संग्रह चालविला आहे.

या नकलांचे महत्त्व १९२२ च्या आगीने सर्वांस पटवून दिले. त्याचे एक बोलके उदाहरण देतो. १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांस वृद्धवेतन मिळू लागले. परंतु त्यांच्या जन्माच्या काळी नोंदणीच नसल्याने वयाचा पुरावा देणार कोठून? तेव्हा सरकारी कारकून १८४१ व १८५१ च्या शिरगणतीत त्यांची नावे शोधून त्यांचा उतारा अर्जाच्या कागदावर टिपून ठेवीत. पुढे मूळ पत्रके जळाली. हे उतारे मात्र राहिले, आणि आज त्या घराण्यांपुरते तेच मूळ होऊन बसले आहेत. २०२२ च्या जूनमध्ये, त्या आगीस शंभर वर्षे होताना, जगभर विखुरलेल्या अशा नकला जमवून नष्ट दफ्तरखान्याची संगणकीय पुनर्रचना लोकांस खुली करण्यात आली. थडग्यांच्या बाबतीतही तसेच घडले आहे. व्हिगर्सच्या नियतकालिकात छापलेले कित्येक लेख आज जागेवर वाचता येत नाहीत. छापील ओळ हीच त्यांची उरलेली काया होय.

तथापि या साधनाची मोठी मर्यादा सांगितल्यावाचून हा पाठ पुरा होणार नाही. कोरीव दगडास पैसा लागतो. ज्यांच्यापाशी तो नव्हता त्यांच्या डोक्याशी शेतातला एखादा धोंडा रोवला गेला, किंवा तोही नाही. दुष्काळाच्या वर्षांत कॉर्क काउंटीतील स्किबरीन गावाजवळ ॲबिस्ट्रूरी येथील दफनभूमीत हजारो माणसे सामुदायिक खड्ड्यांत पुरली गेली. त्यांतील एकेकाचे नाव कोणत्याही दगडावर नाही. बाप्तिस्मा होण्यापूर्वी वारलेल्या अर्भकांस चर्चच्या पवित्र भूमीत जागा मिळत नसे. त्यांना गावाच्या सीमेवर, जुन्या गढीच्या कुंपणात किंवा समुद्राकाठी, ‘किलीन’ नावाच्या जागी रात्रीच्या वेळी मूकपणे पुरीत, आणि वर बहुधा बिनाक्षरी लहान दगड ठेवीत. म्हणूनच वर आम्ही म्हटले की लेख नसलेल्या दगडासही क्रमांक द्यावा. नाव लिहिता येत नसले तरी येथे कोणी आहे, एवढी नोंद करता येते; आणि नोंदणाऱ्याचे ते कर्तव्यच आहे. केवळ अक्षरे गोळा करणारा मनुष्य नकळत केवळ ऐपतदारांचा इतिहास लिहितो.

आयरिश माणसांची काही थडगी आपल्या देशातही आहेत, हे अनेकांस ठाऊक नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या व पुढे ब्रिटिश सरकारच्या गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा फार मोठा होता. पुणे-बेळगावसारख्या छावणीच्या गावांत युरोपियनांच्या ज्या जुन्या दफनभूमी आहेत, तशांची नोंद करण्यासाठी १९७६ साली इंग्लंडात एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. तिने जमविलेली टिपणे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गोव्यातही दोनापावलाजवळ, नेपोलियनच्या युद्धकाळात येऊन राहिलेल्या इंग्रज फौजेची आठवण देणारी लहानशी दफनभूमी आहे. एका आयरिश थडग्याने तर दोन देश जोडले. आपल्या मायदेशी ब्रिटिश फौजा करीत असलेल्या अत्याचारांच्या निषेधार्थ १९२० साली पंजाबात कॅनॉट रेंजर्स या आयरिश पलटणीने बंड केले. त्याबद्दल जेम्स डेली या तरुण शिपायास २ नोव्हेंबर १९२० रोजी सिमल्याजवळील दगशाई येथे गोळ्या घालण्यात आल्या. पन्नास वर्षे तो भारताच्या भूमीत पडून होता. थडग्याचा ठावठिकाणा राहिला होता म्हणूनच १९७० साली त्याच्या अस्थी वेस्टमीथ काउंटीतील त्याच्या गावी नेता आल्या.

विद्यार्थी मित्रहो, हा पाठ वाचून आयर्लंडास जाणे तुमच्यापैकी फारच थोड्यांस शक्य होईल. परंतु त्यातील शिस्त येथेच आचरणात आणता येईल. गावच्या देवळाच्या पायरीवरील देणगीदाराचे नाव, विहिरीच्या काठावरील शिळा, वेशीबाहेरचा वीरगळ, चर्चच्या फरशीवरील पोर्तुगीज लेख, शाळेची कोनशिला, यांपैकी कोणताही एक लेख निवडा. पुसू नका, रंगवू नका, सुधारू नका. तिरप्या उन्हाची वेळ साधा, दोघे मिळून वाचा, ओळीस ओळ अशी नक्कल करा, संशयास्पद अक्षर कंसात घाला, आणि खाली जागा, दिनांक व आपले नाव लिहा. गावातील वडीलधाऱ्यांस त्याविषयी काय ठाऊक आहे तेही विचारून वेगळ्या पानावर टिपा. अशी एक वही शाळेच्या ग्रंथालयात दरसाल जमा झाली, तर दहा वर्षांत पंचक्रोशीचा एक विश्वसनीय दफ्तरखाना उभा राहील. दगड टिकाऊ असतो अशी आपली समजूत आहे, व कागद नाशवंत असतो अशीही. आयर्लंडाचा अनुभव असा की दोन्ही नाशवंत आहेत. आणि जे प्रामाणिकपणे, वेळेवर व एकाहून अधिक ठिकाणी उतरून ठेवले गेले, तेच मागे राहिले.